पट्ट्यांसकट अस्सल

दातांच्या डॉक्टरांना आयुष्यात दोनच प्रकारची माणसं भेटत. एक, ज्यांना त्यांच्या दवाखान्यातल्या खुर्चीत बसायचं नसे. आणि दुसरी, ज्यांना त्यांच्या घरातल्या मागच्या खोलीत बसायचं नसे. खुर्चीतून निदान दुखणं बरं होऊन उठता येई. मागच्या खोलीतून मात्र जुन्या संगणकांचा इतिहास ऐकल्याशिवाय सुटका नव्हती.

हे संगणक म्हणजे आजच्यासारखे चपटे, गुळगुळीत प्रकार नव्हेत. कीबोर्डच्या पोटातच अख्खं यंत्र. ते घरातल्या टीव्हीला जोडायचं, खेळ कॅसेटवरून चढवायचा आणि तो चढेपर्यंत टेपरेकॉर्डरची किंचाळी मुकाट्याने ऐकत बसायचं. डॉक्टर शाळेत असताना असं एक यंत्र एका दुकानाच्या काचेत मांडलेलं असे. येता-जाता ते काचेला नाक लावून उभे राहत आणि दुकानदार आतून हातवारे करून त्यांना हाकलत असे. डॉक्टरांची पन्नाशी उलटल्यावर एका पेशंटने माळा आवरताना नेमकं तेच यंत्र सापडलं म्हणून पिशवीत घालून आणून दिलं. डॉक्टरांनी त्याच्या दाढेचं काम इतक्या प्रेमाने केलं, की पेशंट घाबरलाच.

यंत्र घरी आलं, टीव्हीला जोडलं, बटण दाबलं. पडदा काळा ठिक्कर.

दोन-तीन रविवार खपून डॉक्टरांनी रोग शोधून काढला. पडद्यावर चित्र काढण्याचं काम जी चिप करते, ती मेली होती. बाकी सगळं ठणठणीत. पण ती चिप बनवणारा कारखाना कधीच बंद पडलेला. जुन्या मालाचे व्यापारी ज्या चिपा विकत, त्यातल्या अर्ध्या मेलेल्या असत, आणि उरलेल्या अर्ध्या म्हणजे भलत्याच कुठल्यातरी चिपेवर नवा रंग आणि नवं नाव चढवलेलं असे.

"मग तूच बनव की," त्यांची बायको म्हणाली.

बायको लिफ्टच्या कंपनीत प्रोग्रामर होती. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकू नये म्हणून जे प्रोग्राम लागतात, ते ती लिहायची. त्यामुळे घरात काहीही अडकलं, मग ते कपाटाचं दार असो नाहीतर नवरा, की तिचं लक्ष आपोआप तिकडे जाई. दोघं एकाच कॉलेजात होते, तेव्हापासूनचं अरे-तुरे संसारातही टिकलं होतं.

"चिप घरी बनत नसते," डॉक्टर म्हणाले.

"चिप नको बनवूस. तिच्या जागी बसेल एवढा छोटा सर्किट बोर्ड बनव. वर आजकालची एखादी चिप लाव, आपण शिकवू तसं वागणारी. जुनी चिप काय काय करायची ते मी तिला शिकवते. खाली तेवढ्याच पिना, तेवढ्याच अंतरावर. यंत्राला कळणारसुद्धा नाही आपल्या सॉकेटमध्ये कोण येऊन बसलंय ते."

डॉक्टरांना ही कल्पना एकदम पटली. एक दात गेला तर त्या जागी दुसरा बसवणं, हेच तर ते दिवसभर करत होते. मात्र याच आत्मविश्वासाने त्यांचा घात केला. बाजारात ज्या चौकोनी पिना मिळतात, त्या त्यांनी बोर्डाला लावल्या आणि बोर्ड सॉकेटमध्ये अंगठ्याने दाबून बसवला. जुन्या चिपेचे पाय पत्र्यासारखे पातळ असतात आणि सॉकेटमधल्या पकडी तेवढ्याच पातळ पायांसाठी केलेल्या असतात. जाडजूड पिना आत घुसल्या आणि पकडी फाकल्या त्या फाकल्याच. आता त्यात जुनी चिपसुद्धा नीट बसेना. डगडगायला लागली.

"पेशंटच्या हिरडीत असं केलं असतंस तर?" बायकोने विचारलं.

"तर पेशंट ओरडला असता," डॉक्टर म्हणाले. "यंत्र ओरडत नाही, हाच घोळ आहे."

मग जुनं सॉकेट एकेक पिन मोकळी करत उपसलं, नवं लावलं आणि बोर्डाला बारीक गोल पिना बसवल्या. दुसऱ्या खेपेला बोर्ड झोकात बसला. बटण दाबल्यावर मात्र चित्राऐवजी धूर निघाला.

"सॉकेटवरची खाच कुठल्या बाजूला होती?" बायकोने शांतपणे विचारलं.

डॉक्टरांनी पाहिलं. खाच डावीकडे होती, बोर्डावरची खूण उजवीकडे. बोर्ड उलटा बसला होता. त्या संध्याकाळी घरातल्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या.

तिसऱ्या बोर्डाने काम केलं. निळा पडदा आला, कोपऱ्यात कर्सर लुकलुकायला लागला. दुसऱ्यांच्या तोंडात बोटं घालून पोट भरणाऱ्या डॉक्टरांनी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडात बोट घातलं.

फक्त झाकण लागेना. बोर्ड जुन्या चिपेपेक्षा किंचित उंच होता आणि कुठेतरी वरच्या कीबोर्डला टेकत होता. कुठे, ते दिसायला मार्ग नव्हता, कारण झाकण लावलं की आतलं दिसत नाही आणि उघडलं की टेकत नाही. इथे मात्र डॉक्टर हसले. दवाखान्यातून त्यांनी निळा कागद आणला. दातात सिमेंट भरल्यावर पेशंटला हा कागद चावायला देतात, मग जिथे दात उंच लागतो तिथे निळा डाग उमटतो. कागद बोर्डावर ठेवला, झाकण दाबलं, उघडलं. एका कोपऱ्यावर निळा ठिपका. तेवढाच कोपरा मशीनने घासला. पुन्हा कागद, पुन्हा झाकण. या खेपेला झाकण टक्कन बसलं.

"बंद करून दोनदा चावून बघ म्हणावं," बायको म्हणाली आणि चहा करायला गेली.

आता हे कौतुक कोणाला तरी दाखवायला हवं होतं. त्यासाठी गावात 'जुने संगणक जतन मंडळ' होतं. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये मंडळाची दरमहा बैठक भरे आणि वर्षातून एकदा प्रदर्शन. अध्यक्ष विमा कंपनीतून निवृत्त झालेले सर्वेक्षक होते. जळालेली गोदामं आणि ठोकलेल्या गाड्या बघून "हे आधीपासूनच असं होतं" असं लिहिण्यात त्यांची हयात गेली होती. गळ्यात दोरीने अडकवलेलं भिंग, खिशात पेनाएवढी बॅटरी. प्रत्येक यंत्राचं झाकण उघडून ते एकच प्रश्न विचारत: "मूळ आहे का?" स्क्रू मूळ आहे का, वायर मूळ आहे का, आतली धूळ मूळ आहे का. त्यामुळे सगळे त्यांना पाठीमागे मूळपुरुष म्हणत. ते त्यांना कळलं होतं आणि मनातून आवडलंही होतं.

मंडळाच्या प्रदर्शनात दोन प्रकारची टेबलं असत. मधे, दिव्यांच्या खाली, पांढरं कापड घातलेली 'अस्सल' टेबलं. आणि मागे, स्वच्छतागृहाच्या दाराशी, एक टेबल 'इतर'. अस्सल टेबलांवरची यंत्रं बंद असत. एकूण एक. चालू केली तर आतले मूळ भाग झिजतील, हे मूळपुरुषांचं म्हणणं. चालू न करण्याचा आणखी एक फायदा असा, की ती चालतात की नाही हे कोणालाच कळत नसे. लोक येत, काळ्या पडद्यांसमोरून हात मागे बांधून हळूहळू चालत आणि आजारी माणसाला बघून निघावं तसे खाली मान घालून निघून जात.

डॉक्टरांचं यंत्र अर्थातच 'इतर'मध्ये गेलं. पण ते चालू होतं. बघता बघता सगळी गर्दी स्वच्छतागृहाच्या दाराशी जमली. खेळायला रांग लागली. रांगेत उभं राहून पुढे गेलेला एक गृहस्थ चुकून स्वच्छतागृहात पोचला आणि तिथूनच ओरडला, "इथे कुठे आहे तो?"

गर्दी बघून मूळपुरुष आले. भिंग डोळ्याला लावून त्यांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं.

"डॉक्टर, चित्र फार स्वच्छ आहे."

"थँक्यू."

"मी स्तुती करत नाहीये. या यंत्राच्या चित्रात उभे पट्टे यायचे. फिकट, थरथरणारे. कुठे आहेत पट्टे?"

"अहो, तो त्या चिपेचा दोष होता. आमच्या बोर्डात तो नाही."

"तुमच्या दृष्टीने दोष," मूळपुरुष म्हणाले. "आमच्या दृष्टीने वारसा. हे म्हणजे पूर्वजांच्या फोटोतलं टक्कल खोडून केस काढण्यासारखं आहे."

भोवतीचे सभासद गंभीरपणे माना हलवू लागले. त्यातल्या तिघांना टक्कल होतं. त्यांनी जास्त हलवल्या.

घरी येऊन डॉक्टरांनी हे सगळं बायकोला सांगितलं. तिला हसू येईल असं त्यांना वाटलं होतं. ती भडकली. त्या बोर्डासाठी तिने कित्येक रविवार त्या चिपेचं जुनं, बारीक अक्षरातलं तांत्रिक पुस्तक वाचून काढलं होतं. नवी चिप कमी व्होल्टेजवर चालते आणि जुनं यंत्र जास्त, म्हणून दोघांच्या मधे दुभाष्यासारख्या आणखी दोन चिपा बसवायची युक्ती तिचीच.

"पट्टे हवेत का त्यांना? देते पट्टे."

"अगं पण—"

"कंपनी मला दोष काढायचा पगार देते. दोष घालायचं काम पहिल्यांदाच मिळतंय. मजा येईल."

तासाभरात पडद्यावर पट्टे आले. सरळ, सारखे, शिपायांसारखे उभे. डॉक्टर मान तिरकी करून बघत राहिले आणि मग त्यांच्यातला दातांचा माणूस जागा झाला.

"नाही. हे नकली वाटतात."

"नकलीच आहेत."

"तसं नाही. हे बघ, समोरचा एक दात नवीन बसवताना मी पांढराशुभ्र बसवला तर लांबूनही कळतं. शेजारच्या दातांवर चहाचे डाग असतील तर त्याच्यावरही थोडे द्यावे लागतात. पण एकसारखे नाही. मुळाशी जास्त, टोकाला कमी. तसे पट्टे डावीकडे दाट कर, उजवीकडे विरळ. चालू केल्या केल्या जास्त दिसू देत, यंत्र तापलं की फिके होऊ देत. आणि मधला एक जरा वाकडा."

बायकोने त्यांच्याकडे नव्याने पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपला नवरा फसवणुकीत इतका तरबेज आहे हे तिला त्या दिवशी कळलं.

पट्टे जमले. मग दोघांनाही राहवेना. बोर्ड दिसता कामा नये, म्हणून डॉक्टरांनी कवळीच्या साहित्यात त्याला मढवायचं ठरवलं. पहिली खेप काढली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की कवळीचं साहित्य हिरडीच्या रंगाचं असतं. हातात एक गुलाबी, गुळगुळीत, शेकडो पायांचा वाटावा असा प्राणी आला. दवाखान्यातल्या मदतनीस बाईंनी तो टेबलावर पाहिला आणि "हे कोणाच्या तोंडातून निघालं?" असं विचारून खालीच बसल्या. दुसऱ्या खेपेला साहित्यात काळा रंग मिसळला. वर जुन्या पद्धतीची अक्षरं छापली आणि पॉलिशच्या चाकावर ती थोडी पुसट केली. आता सॉकेटमध्ये बसलेली ती वस्तू चाळीस वर्षं तिथेच असल्यासारखी दिसू लागली.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत डॉक्टरांनी यंत्र पुन्हा तपासणीला ठेवलं. खोटं बोलायचं नाही, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. विचारलं तर सांगायचं. पण मूळपुरुषांनी "बोर्ड काढलात?" असं विचारलंच नाही. त्यांनी झाकण उघडलं, आत काळी चिप पाहिली, भिंग लावलं, पुसट अक्षरांवरून बॅटरी फिरवली आणि फक्त "हं" म्हणाले. मग पट्टे बघायचे म्हणून स्वतःचाच नियम मोडून बटण दाबलं.

पट्टे आले. डावीकडे दाट, उजवीकडे विरळ. मधला जरा वाकडा.

मूळपुरुषांच्या हातातलं भिंग खाली आलं. "बघा," ते सगळ्यांना म्हणाले. "याला म्हणतात चित्र! आजकालच्या पोरांना हे कळणारच नाही." थोड्या वेळाने यंत्र तापलं, पट्टे फिके झाले, तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "अगदी असंच व्हायचं. अगदी असंच."

डॉक्टरांना आतून हसायचं होतं. महिनाभर ते याच घटकेची वाट बघत होते. पण समोर सत्तरीचा माणूस चष्मा पुसत उभा होता आणि हसू काही केल्या येईना. डॉक्टरांच्या हातात 'अस्सल' असं सोनेरी अक्षरात लिहिलेलं प्रमाणपत्र ठेवण्यात आलं. टाळ्या वाजल्या.

"सांगितलंस का?" घरी बायकोने विचारलं.

"वेळच मिळाला नाही."

"किती वेळ लागतो, 'हा बोर्ड आहे' एवढं म्हणायला?"

डॉक्टरांची दातखीळ बसली होती. त्यांनी प्रमाणपत्र मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

पुढच्या आठवड्यात मूळपुरुष दवाखान्यात आले. नंबर न लावता आले आणि दाढ दुखते म्हणाले. मदतनीस बाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं, गळ्याखाली निळा कागदी रुमाल बांधला. दाढ खरोखरच किडली होती. पण ते दाढेबद्दल बोलेनात. छताकडे बघत राहिले.

"माझी गेली," शेवटी ते म्हणाले.

"नाही, अजून वाचवता येईल. थोडीच किडलीय."

"दाढ नव्हे हो. चिप." त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "तुमच्याकडचे पट्टे बघून आलो आणि राहवेना. माझ्याकडचे कसे आहेत ते बघावं म्हटलं. कित्येक वर्षांनी चालू केलं. एकदा लख्खकन उजेड झाला आणि गेलं सगळं. डॉक्टर, तुमची चिप तुम्हाला मिळाली कुठे? मी कोणाला सांगणार नाही."

डॉक्टरांच्या नकली चिपेने गावातल्या सगळ्यात अस्सल चिपेचा जीव घेतला होता.

"तोंड उघडा," ते म्हणाले.

हा शुद्ध भित्रेपणा होता, हे त्यांनी नंतर बायकोजवळ कबूल केलं. इंजेक्शन देऊन झालं, गालात कापसाचे बोळे बसले, थुंकी ओढणारी नळी ओठाला लटकली, आणि मूळपुरुष काहीही बोलू शकणार नाहीत याची पूर्ण खात्री झाल्यावर डॉक्टरांनी सांगायला सुरुवात केली.

"ती चिप नाही. बोर्डच आहे, प्रदर्शनातला. वर काळं साहित्य चढवलंय. कवळीचं."

"आँ!"

"हो. अक्षरं मी छापली. पॉलिश करून पुसट केली."

"आँ आँ?"

"पट्टेसुद्धा. ते बायकोने केले. वाकडा पट्टा माझी सूचना."

मूळपुरुषांचे डोळे इतके मोठे झाले, की मदतनीस बाईंनी काळजीने विचारलं, "दुखतंय का?" त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. मग हो म्हटलं. मग पुन्हा नाही.

डॉक्टरांनी दाढ भरली. निळा कागद चावायला दिला, उंच लागणारा भाग घासला. सगळं काम अगदी मन लावून केलं, कारण मान वर करून पेशंटच्या डोळ्यांकडे बघायची त्यांची छाती होत नव्हती. मूळपुरुषांनी चूळ भरली. अर्धं तोंड बधिर.

"पत्ते थुद्धा?" त्यांनी विचारलं.

"पट्टेसुद्धा."

"मी लललो हो, डॉक्तल. थगल्यांथमोल."

"रडलात, ते मी पाहिलं. चूक माझी आहे. प्रमाणपत्र आजच परत पाठवतो."

मूळपुरुष उठले. निळा रुमाल गळ्यात तसाच ठेवून ताठ मानेने दारापर्यंत गेले. मदतनीस बाई रुमाल सोडवायला मागे धावल्या. दाराशी ते थांबले.

"दुथला बोल्द आहे?" त्यांनी वळून न बघता विचारलं.

"आहे. पण मग तुमचं यंत्र 'इतर' टेबलावर जाईल. नियम तुमचाच आहे."

"थभा बोलावतो," मूळपुरुष म्हणाले आणि गेले.

सभेला झाडून सगळे आले. बातमी आधीच फुटली होती आणि मूळपुरुष आता डॉक्टरांना मंडळातून काढणार, हे बघायला कोणी घरी बसणार नव्हतं. डॉक्टर मागच्या रांगेत राजीनामा खिशात घालून बसले. शेजारी बायको. तिने राजीनामा वगैरे काही आणलं नव्हतं, फक्त बिस्किटांचा पुडा आणला होता.

मूळपुरुष उभे राहिले. तोंड आता ताळ्यावर आलं होतं.

"मित्रहो, मूळ म्हणजे काय, याचा आपण आजवर फार वरवर विचार केला," त्यांनी सुरुवात केली. "चिपेची माती मूळ असणं आणि चिपेचा स्वभाव मूळ असणं, यात फरक आहे. स्वभाव कशातून दिसतो? गुणांतून? गुण कोणीही घेऊ शकतो. स्वभाव दिसतो दोषांतून. म्हणून माझी सूचना अशी, की ज्या भागात मूळ दोष जसेच्या तसे उतरलेले आहेत, तो भाग मूळ समजावा."

मग एक घड्याळजी उठले. त्यांच्याकडे पाच अस्सल यंत्रं होती, पाचही बंद.

"म्हणजे दोष असेल तर चालेल?"

"दोष असलाच पाहिजे," मूळपुरुष म्हणाले.

"पण दोष अस्सल आहेत की नकली, हे ठरवणार कोण?"

त्यासाठी दोष-परीक्षण समिती नेमण्यात आली. अध्यक्ष मूळपुरुष. तज्ज्ञ म्हणून डॉक्टरांच्या बायकोचं नाव पुढे आलं आणि एकमताने मंजूर झालं. तिच्या तोंडात त्या वेळी बिस्कीट होतं, त्यामुळे तिची संमती गृहीत धरली गेली.

मग एक बँकेतले कारकून चाचरत उभे राहिले. "मी म्हणत होतो... पट्टे बंद करायचं एखादं बटण देता येईल का? नाही, डोळे दुखतात हो माझे."

सगळ्यांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की ते बसता बसता खुर्चीच्या कडेलाच बसले. "काही लोक," मूळपुरुष खेदाने म्हणाले, "मंडळात येतात, पण मंडळ त्यांच्यात येत नाही."

डॉक्टरांनी राजीनामा खिशातल्या खिशात चुरगळला. आपल्याला माफ केलंय, की आपल्या नावावर नवीन पाप चढवलंय, हे त्यांना नक्की कळेना.

सभा संपली. चहाच्या वेळी घड्याळजी डॉक्टरांच्या बायकोजवळ आले, इकडेतिकडे पाहिलं आणि कुजबुजले, "ते बटण. तसं काही... आतल्या बाजूला... कोणाला दिसणार नाही असं?" ते गेले, मग आणखी एक आले. निघेपर्यंत जवळपास अर्धं मंडळ तिच्या कानाशी लागून गेलं होतं. बँकेतले कारकून मात्र कोपऱ्यात एकटेच चहा पीत होते. तिने स्वतः जाऊन त्यांना सांगितलं, "तुमचं पहिलं."

मूळपुरुषांच्या यंत्रात बोर्ड बसवायला डॉक्टर आणि त्यांची बायको एका रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेले. दार मूळपुरुषांच्या बायकोने उघडलं. ठेंगणी, चपळ बाई. हातातलं विणकाम तसंच होतं. बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात यंत्र, त्याच्यावर मऊ कापड. कपाटाची किल्ली मूळपुरुषांच्या खिशात.

"या कपाटाची धूळसुद्धा मला पुसू देत नाहीत," ती डॉक्टरांच्या बायकोला म्हणाली. "म्हणतात, मूळ धूळ आहे."

डॉक्टरांनी यंत्र टेबलावर घेतलं, झाकण उघडलं. मेलेली चिप दोन्ही टोकांनी थोडी थोडी उचलत अलगद काढली. मूळपुरुषांनी ती तळहातावर घेतली आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. डॉक्टरांनी खाच बघितली, बोर्डावरची खूण बघितली, पुन्हा खाच बघितली आणि बोर्ड दाबून बसवला.

पडदा निळा झाला. पट्टे आले. कर्सर लुकलुकू लागला.

"सुरेख," मूळपुरुष म्हणाले. ते खुर्चीत बसले, कीबोर्डवर दोन्ही हात ठेवले आणि तसेच बसून राहिले. कर्सर लुकलुकत होता. बराच वेळ गेला.

"आता?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

"आता म्हणजे?"

"म्हणजे... याचं करायचं काय?"

डॉक्टरांना प्रश्न कळायला वेळ लागला. या माणसाने हे यंत्र इतकी वर्षं जपलं, त्याच्या एकेका स्क्रूचा इतिहास पाठ केला, त्यापायी मंडळ उभं केलं. पण नवं असताना चालू करून बघण्यापलीकडे त्याने ते कधी वापरलंच नव्हतं. तरुणपणी घेतलं तेच मुळी जपायला.

डॉक्टरांनी सोबत आणलेली कॅसेट लावली. किंचाळी सुरू झाली. मूळपुरुषांनी कानावर हात ठेवले. हाही मूळ दोष आहे, असं डॉक्टरांच्या बायकोने सांगितल्यावर काढले. खेळ चढला. पडद्यावर एक चौकोनी माणूस शिड्यांवरून वर जात होता आणि वरून पिंपं गडगडत येत होती. मूळपुरुषांनी पहिली कळ दाबेपर्यंत पहिल्या पिंपाने माणसाला गाठलं. दुसऱ्याने दुसऱ्यांदा गाठलं. तिसऱ्याने खेळ संपवला.

"अहो, उठा जरा," त्यांची बायको म्हणाली. "तुम्ही पिंपाकडे बघताय. उडी कुठे घ्यायची ते बघायचं असतं."

"तुला कसं माहीत?"

"मोठ्या भावाकडे होतं ना हे. लग्नाआधी आम्ही भावंडं दिवसदिवस खेळायचो. तुम्ही कधी विचारलंत?"

तिने विणकाम त्यांच्या मांडीवर ठेवलं, खुर्ची पुढे ओढली आणि बोटं मोडली. चौकोनी माणूस पहिल्या शिडीवरून गेला, दुसरीवरून गेला, पिंपांवरून टणाटण उड्या मारत वरच्या मजल्यावर पोचला. डॉक्टरांच्या बायकोने शिट्टी वाजवली. पुढचा मजला आला. तोही गेला.

"हे पट्टे मधे येतात सारखे," खेळता खेळता ती म्हणाली. "जातील का?"

डॉक्टरांच्या बायकोने यंत्राच्या पोटाखाली हात घालून लपवलेलं बटण दाबलं. कट असा आवाज आला आणि चित्र स्वच्छ झालं.

समिती-अध्यक्षांनी ते पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं, मग मिटलं. मांडीवरचं विणकाम दोन्ही हातांनी धरून ते बायकोच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत राहिले.

"माझी पाळी कधी?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"तीनही जीव शिल्लक आहेत माझे," ती म्हणाली. "तोवर चहा टाका सगळ्यांना."

मूळपुरुष उठले आणि चहाचा डबा कुठे असतो, ते विचारू लागले.